आधी आमचं उघडा

लॉकडाउन लागायला चार तास पुरले. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बाराच्या ठोक्याला देश बंद झाला. तो पुरता उघडायला मात्र दोन वर्षं लागली. महाराष्ट्रातले उरलेसुरले निर्बंध उठले ते 2022 च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर. मधल्या काळात विषाणूवर काय संशोधन झालं ते शास्त्रज्ञ सांगतील. ‘काय उघडायचं, कधी उघडायचं आणि किती उघडायचं’ या विषयावरचं संशोधन मात्र आपण सगळ्यांनी मिळून केलं, तेही घरच्या घरी, बर्म्युडा घालून.

त्याचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचं दूध गॅसवर आहे त्यांना उठता येईल. कापडदुकानदार असो की सीए, भाविक असो की बारमालक, राज्यातल्या यच्चयावत माणसांचं मत एकच होतं: आमचं ताबडतोब उघडा, बाकीच्यांचं परिस्थिती बघून.

वादाला खरं तोंड फुटलं 4 मे 2020 ला. त्या सोमवारी दारूची दुकानं उघडली. सकाळपासून रांगा लागल्या. सहा फुटांवर खडूने गोल आखले होते आणि पहिला तासभर प्रत्येक गोलात एकेकच माणूस उभा होता. नंतर गोल राहिले आणि माणसं त्यांच्या बाहेर सांडली. मुंबईत महापालिकेने दुसऱ्याच दिवशी ही दुकानं पुन्हा बंद करायचा हुकूम काढला. मग पंधरवडा उलटायच्या आत सरकारने दारू घरपोच द्यायची परवानगी दिली. ज्या राज्यात दीड महिना मेथीची जुडी मिळवायला वशिला लागत होता, तिथे ही सोय झाली.

सरकारचीही बाजू होती. जीएसटी आल्यापासून राज्याला स्वतःच्या हक्काचे कर उरलेत मोजके, आणि दारूवरचा कर त्यातला एक. तिजोरी रिकामी, डॉक्टरांचे पगार द्यायचे, तेव्हा राज्याने तळीरामांच्या खिशाकडे बघितलं तर त्यात नवल नाही. पण त्या एका हुकुमाने सरकार कायमचं अडकलं. त्या दिवसापासून महाराष्ट्रातला प्रत्येक युक्तिवाद ‘वाइन शॉप चालू आहेत, मग...’ या शब्दांनी सुरू होऊ लागला. वाइन शॉप चालू, मग सलून का बंद? वाइन शॉप चालू, मग व्यायामशाळा का बंद, आम्ही तर प्रतिकारशक्ती वाढवतो. वाइन शॉप चालू, मग नाट्यगृहं का बंद, तिथे तर एरवीही दोन खुर्च्यांत अंतर असतं, असं एक निर्माता खिन्नपणे म्हणाला.

यातली गंमत बघा. आमच्याकडे संसर्ग होत नाही, असं कोणीच सिद्ध करायला जात नव्हतं. ते अवघड होतं. दुसऱ्याकडे जास्त होतो, एवढं दाखवलं की काम भागत होतं. कापडवाला मॉलकडे बोट दाखवी, मॉलवाला भाजी मंडईकडे, मंडईवाला एसटी स्टँडकडे, आणि सगळे मिळून वाइन शॉपकडे. वाइन शॉपवाला कोणाकडेच बोट दाखवत नव्हता. तो नोटा मोजत होता.

31 मे 2020 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘पुनश्च हरिओम’ जाहीर केलं आणि आम्हा पुणेकरांना एकदम घरच्यासारखं वाटलं. राजद्रोहाच्या तुरुंगवासानंतर 1899 मध्ये टिळकांनी ‘केसरी’ची सूत्रं पुन्हा हाती घेतली, तेव्हाच्या अग्रलेखाचा हा मथळा. आणि तो तुरुंगवास आला होता 1897 च्या प्लेगच्या धामधुमीतून. म्हणजे साथीचा बंदोबस्त कसा करू नये, याबद्दल मत असण्याची पुण्याची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. फरक एवढाच, की तेव्हा गोरे सोल्जर आपल्या घरात शिरतात म्हणून पुणं चिडलं होतं. 2020 मध्ये पुणं चिडलं ते शेजाऱ्याच्या घरात कोणीच का शिरत नाही म्हणून.

नव्या हुकुमांत आकडे फार होते. खाजगी कचेऱ्या 10 टक्के माणसांवर. जुलैत लॉज 33 टक्के खोल्यांवर. ऑक्टोबरात हॉटेलं 50 टक्के खुर्च्यांवर. दुकानं एक दिवस रस्त्याच्या या बाजूची, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचं दुकान दोन रस्त्यांच्या बरोबर कोपऱ्यात, एक शटर इकडे आणि एक तिकडे. त्याने दोन्ही बाजूंची गणितं मांडली आणि निष्कर्ष काढला की आपल्याला रोजच परवानगी आहे. पोलिसांनीही गणित केलं. त्यांचं उत्तर रोजच बंदी असं आलं. शेवटी दोघांनी मिळून मधला मार्ग काढला; तो किती रुपयांचा होता हे मी विचारलं नाही.

सलूनवाल्यांची पाळी आली 28 जून 2020 ला, आणि ती आली तीही अर्धीच. केस कापायला परवानगी, रंगवायला परवानगी, पण दाढी बंद. त्वचेशी संबंध येईल असं काही करायचं नाही. आता तीन महिने घरात बसलेला माणूस सलूनमध्ये जातो तेव्हा वर जंगल असतं आणि खालीही जंगल असतं. तो बाहेर पडायचा तेव्हा वरून कारकून आणि खालून वाल्मीकी. त्यात मास्क काढायचा नाही. मास्कची दोरी कानामागे, आणि कानामागेच तर सगळं कौशल्य. मग गिऱ्हाइकाने एका बाजूची दोरी सोडून मास्क हाताने नाकावर धरायचा, आमचा कारागीर म्हणायचा, “आता डावा हात, काका, आता उजवा,” आणि एकूण प्रकार प्राणायामाच्या वर्गासारखा चालायचा. पीपीई किटचे पैसे वेगळे. किट मात्र त्याच्या अंगावर त्या दिवशी सकाळपासून एकच होतं.

त्याला मी विचारलं, तुझं मत काय, एवढ्यात उघडायला हवं होतं का? तो म्हणाला, “साहेब, मत असायला बँकेत शिल्लक लागते.” दोन वर्षांत या विषयावर मी ऐकलेलं हे सगळ्यांत प्रामाणिक वाक्य. घाई करू नये, आधी जीव, असं ठासून सांगणाऱ्यांची एक यादी केली असती तर त्यातल्या बहुतेकांचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होत होता, असं दिसलं असतं. (माझाही होत होता. म्हणून मीही बराच काळ आधी जीव पक्षात होतो.)

पण राज्य सरकार, केंद्र सरकार हे सगळं वरवरचं. खरं सरकार कुठे असतं ते 2020 मध्ये कळलं. ते वॉचमनच्या केबिनशेजारच्या नोटीस बोर्डात असतं. मंत्रालयातून एक हुकूम निघायचा आणि आमचे चेअरमन त्यावर आपला पोटहुकूम काढायचे, तोही जास्त कडक. सरकारने पेपर घरोघर टाकायला परवानगी दिली तर आमच्याकडे तो गेटवर एक दिवस उन्हात ठेवायचा नियम आला. त्यामुळे आम्हाला कालच्या बातम्या आज कळत आणि आजचे निर्बंध उद्या. लिफ्टचं बटण दाबायला टूथपिक ठेवल्या होत्या. त्या कोणीतरी घरी नेल्या. वॉचमनच्या हातात तापमान मोजायचं पिस्तूल दिलं होतं. ते प्रत्येकाचं तापमान बत्तीसच्या आसपास दाखवी. त्या हिशेबाने आमच्या सोसायटीतला प्रत्येक सभासद दवाखान्यात भरती व्हायला हवा होता. पण बत्तीस म्हणजे ताप नाही, असं म्हणून वॉचमन सगळ्यांना आत सोडत होता.

सर्वांत मोठा प्रश्न होता मावशींचा. घरकामाच्या बायकांना आत घ्यायचं की नाही? दारात खाऊ घेऊन येणारा डिलिव्हरीवाला चालत होता, कुरिअरवाला चालत होता, एसी दुरुस्त करणारा तर अत्यावश्यक सेवेत मोडत होता. मावशी मात्र धोकादायक. झूमवर सभा झाली. तिसऱ्या मजल्यावरचे काका कडक पक्षाचे पुढारी. ते म्हणाले, “जीव महत्त्वाचा की भांडी?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ठराव मंजूर झाला. त्या वेळी मागे काकू भांडी घासत असल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, पण काका अनम्यूट आहेत म्हणून ऐकू येतंय, असं समजून कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढे काकूंनी घरात पाळ्या लावल्या. सकाळची भांडी काकूंकडे, रात्रीची काकांकडे. रात्रीच्या भांड्यांत कुकर, कढई आणि खाली लागलेली खीर. पुढच्या सभेत काकांनी अर्थचक्राचा मुद्दा मांडला. “आपण आपल्यापुरतं बघतो,” ते म्हणाले, “पण गरिबाच्या पोटाचं काय?” त्यांचा गळा दाटून आला होता. अर्थव्यवस्था पुन्हा सुरू करण्याच्या बाजूने इतकं कळकळीचं भाषण मी निर्मला सीतारामन यांच्या पाच दिवस चाललेल्या पत्रकार परिषदांतही ऐकलं नाही. ठराव फिरवण्यात आला. घरकामाला येणाऱ्यांना सोसायट्यांनी परस्पर अडवू नये, असं सरकारलाही मध्ये सांगावं लागलं होतं, ते आमच्या नोटीस बोर्डावर त्या दिवशी झळकलं.

मावशींना निरोप गेला. त्या आल्या, गेटवर उभ्या राहिल्या आणि आत यायच्या आधी त्यांनी चेअरमनना विचारलं, “तुमच्यात बाहेर कोण कोण जातं, ते सांगा आधी. मला सहा घरं आहेत. तुमच्या एका घरातून मी नेला तर माझी वस्ती बसायची घरी.” चेअरमन गडबडले. सोसायटीच्या इतिहासात त्यांना कोणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. मावशींनी आणखी एक ऐकवलं: “आजार विमानातनं आला, आणि बंदी आमच्या जिन्याला?” मुद्दा बिनतोड होता. पुण्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 ला सापडले तेव्हा ते दुबईहून परतलेले होते. मावशींनी कुठलाही अहवाल वाचला नव्हता, पण साथ वरून खाली येते आणि बंदी खालून वर जाते, हे त्यांना पाठ होतं.

इकडे देवांचा प्रश्न चिघळत होता. त्या वर्षी आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. संतांनी नियम पाळले, तक्रार केली नाही. तक्रार भक्तांची आणि भक्तांच्या पक्षांची होती. ऑगस्टात घंटानाद झाला. मग 5 ऑक्टोबरला बार उघडले आणि युक्तिवादाला पुन्हा धार आली. 12 ऑक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं की बार उघडे आणि देव कुलपात, तुम्ही अचानक सेक्युलर झालात का? मुख्यमंत्र्यांनी उलट टपाली कळवलं की माझ्या हिंदुत्वाला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आता गर्दीत श्वास किती लांब जातो हा विज्ञानातला प्रश्न. त्याचं उत्तर राज्यघटनेच्या उद्देशिकेत शोधायची कल्पना फक्त आपल्याकडेच सुचू शकते. दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या, पाडव्याला मंदिरं. मुहूर्त बघून साथ आटोक्यात आणणारं आपलं पहिलंच राज्य असावं.

मुंबईची लोकल उघडली 1 फेब्रुवारी 2021 ला, सर्वांसाठी, पण वेळा ठरवून: पहाटेपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. दहा ते सहा नोकरी करणाऱ्या माणसाला हे सोयीचं नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याने सातच्या आत ऑफिसला पोचून तीन तास फुटपाथवर बसायचं आणि संध्याकाळी सहाला सुटून नऊपर्यंत मुंबईचं रात्रीचं सौंदर्य पाहायचं, एवढंच. डोंबिवलीचा माझा मेहुणा म्हणाला, “या वेळा ज्याने ठरवल्या तो माणूस लोकलने कधी गेला नाही, आणि नोकरीलाही.”

मग एप्रिल-मे 2021 आला, दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद झालं, आणि वाद आपोआप थांबला. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी माणसं रात्र-रात्र फिरत होती, तेव्हा शटर कधी उघडणार हे कोणी कोणाला विचारलं नाही. त्या दोन महिन्यांबद्दल विनोद करता येत नाही आणि मी करणारही नाही.

जूनमध्ये शहरांतली लाट ओसरू लागली, जिभा पुन्हा सैल झाल्या आणि सरकारने पाच स्तरांची योजना आणली. ती आणली कशी, तेही बघण्यासारखं आहे. 3 जून 2021 ला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगितलं की पाच टप्पे ठरले, अठरा जिल्हे मोकळे. टीव्हीवर पट्ट्या धावल्या, लोकांनी मिठाई नसेल वाटली पण गाड्या बाहेर काढल्या. थोड्याच वेळात सरकारने खुलासा केला की असा निर्णय झालेला नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग मंत्रिमहोदयांनी सांगितलं की निर्णयाला तत्त्वतः मान्यता मिळाली आहे.

तत्त्वतः मान्यता म्हणजे शटर किती वर घ्यायचं? लक्ष्मी रस्त्यावर याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं: अर्धं. अर्धं शटर ही या काळातली महाराष्ट्राची खरीखुरी नीती. पूर्ण उघडं म्हणजे दंड, पूर्ण बंद म्हणजे उपास. बाहेर स्टुलावर एक पोऱ्या बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे न बघता पुटपुटायचा, “काय पाहिजे? साडी? आत वाका.” बाई कमरेत वाकून आत शिरायच्या. आत पंखा बंद, कारण आवाज बाहेर जातो. दिवा एकच, कारण उजेड बाहेर जातो. अशा त्या कोंदट अंधारात पंधरा बायका एका गादीवर खेटून साड्यांचा रंग ओळखायचा प्रयत्न करायच्या. तेवढ्यात बाहेरून आरोळी, “गाडी आली!” आणि शटर खाडकन खाली. पोलिसांची गाडी पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत येईस्तोवर आतले सगळे श्वास धरून बसायचे. तेवढाच काय तो संसर्गाला आळा. लोकांनी लोकांपासून लांब राहावं म्हणून काढलेल्या हुकुमाने पंधरा जणींना कुलूपबंद करून दाखवलं. मोठ्या आवाजात, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, दुकान दिवसभर चालू दिलं असतं तर त्या पंधराजणी तासातासाने आल्या असत्या. पण हे सांगणारा माणूस व्यापारी असायचा, आणि व्यापारी बोलला की त्याच्या बोलण्यातला धंदा आधी ऐकू येतो आणि मुद्दा नंतर.

पाच स्तरांची योजना कागदावर अगदी नेटकी होती. चाचण्यांत बाधित पाच टक्क्यांहून कमी आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, सगळं मोकळं. बाधित वीस टक्क्यांच्या वर किंवा खाटा पंचाहत्तरच्या वर गेल्या तर पाचवा, जवळपास सगळं बंद. दर आठवड्याला निकाल. राज्यभर लोक क्रिकेटचा धावफलक सोडून पॉझिटिव्हिटी रेट बघू लागले. आमचा भाजीवाला मला गवार देताना म्हणाला, “चार पॉइंट नऊ आहे साहेब, निसटते वाचलो.” आणि जिल्हे जरा वर सरकतात न सरकतात तोच 25 जूनला, डेल्टा प्लसच्या भीतीने, हुकूम आला की यापुढे सगळे जिल्हे तिसऱ्या किंवा त्याहून कडक स्तरात. म्हणजे अभ्यास करून पहिल्या इयत्तेत आलेल्यांना कळवण्यात आलं की पहिली आणि दुसरी या इयत्ताच बंद केल्या आहेत.

तिसऱ्या स्तरात दुकानं दुपारी चारपर्यंत. हॉटेलंही चारपर्यंत. हॉटेलवाले विचारत राहिले की माणूस रात्रीचं जेवण दुपारी चारच्या आत कसं जेवेल. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देणाऱ्यांचं जेवण घरी होत होतं. पुण्यात तर हा हुकूम संस्कृतीवरच आला. ज्या पेठांत दुकान एक ते चार मिटायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं व्रत, तिथे सरकार सांगत होतं की चारला मिटा. म्हणजे दुकान उघडायचं कधी? अनेकांनी नाइलाजाने वामकुक्षी सोडली. गल्ल्यावर पेंगणारे मालक आणि त्यांना उठवायची हिंमत नसलेली गिऱ्हाइकं, अशी चित्रं त्या दोन महिन्यांत दिसली. ऑगस्टात व्यापारी रस्त्यावर उतरले तेव्हा मागणी वेळ वाढवण्याची होती. मला खात्री आहे, त्यातल्या निम्म्यांना ती झोपेसाठी हवी होती.

आता शाळा.

शाळा मुद्दाम शेवटी घेतोय, कारण आपणही तसंच केलं. 

या सगळ्या गोंधळात शाळा ही एकच गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल वाद उलट्या दिशेने चालला. बाकी सगळ्यांचं म्हणणं आमचं उघडा. इथे पालक म्हणत होते, एवढ्यात नको. संस्थाचालक म्हणत होते, बघू. ज्यांची शाळा होती त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांची संघटना नव्हती. सात वर्षांच्या मुलांचा मोर्चा निघत नाही, ती घंटानाद करत नाहीत, त्यांच्यावर उत्पादन शुल्क लागत नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत सुरू झाले, पालकांच्या संमतीपत्रासह. ते संमतीपत्र आमच्या सोसायटीतल्या एका बाबांकडे आलं. या बाबांनी मुलाला दिवाळीत मॉलमध्ये नेलं होतं, मामाच्या लग्नात पन्नासच्या यादीतल्या एकशे ऐंशी पाहुण्यांत नाचवलं होतं, आणि रविवारी हॉटेलबाहेर टेबल मिळेपर्यंत पाऊण तास गर्दीत उभं केलं होतं. संमतीपत्र वाचून ते गंभीर झाले. “शाळेत फार मुलं असतात हो,” ते म्हणाले. “रिस्क कशाला?” 

ऑनलाइन शाळा चालू होतीच. एकाच खोलीत बाबांची मीटिंग, दादाचा भूगोल आणि ताईची कविता. “मिस, आवाज येत नाहीये” हे राष्ट्रीय वाक्य झालं. तोंडी परीक्षेत पाढे विचारले की कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून आजीचा आवाज येई. 2021 ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला 99.95 टक्के. उरलेल्या 0.05 टक्क्यांचं मला फार कौतुक वाटतं. एवढं सगळं जुळून आलेलं असताना नापास व्हायला काहीतरी वेगळी जिद्द लागते.

हे झालं शहरांतलं, जिथे फोन होता. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण मुलांच्या घरी भिंती होत्या आणि फोन नव्हते. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं. जिल्हा परिषदेचे किती तरी गुरुजी पारावर, देवळाच्या ओट्यावर पाच-दहा मुलं गोळा करून शिकवत होते. उरलेल्या वेळात त्यांना घरोघरी सर्वेक्षणाला पाठवलं जात होतं. वरून आदेश होता ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’. त्यातला पहिला अर्धा भाग सरकारने काटेकोर पाळला आणि दुसरा मास्तरांवर सोडला.

बाहेर जगात काय चाललं होतं? डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 ला, म्हणजे आपल्याकडे वाइन शॉप उघडायच्याही आधी, पाळणाघरं आणि प्राथमिक शाळा उघडल्या. लहानांपासून सुरुवात. ‘ते डेन्मार्क आहे, आपल्या वर्गात साठ मुलं असतात’ हे मान्य. पण जुलै 2021 मध्ये आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी इथेच सांगितलं की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा शाळा उघडताना प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. आपण मान डोलावली आणि शहरांत आठवीपासून सुरुवात करायचं ठरवलं. 10 ऑगस्टला शासन निर्णय निघाला की 17 तारखेपासून वर्ग भरणार. दप्तरं झटकली गेली, गणवेश दोन वर्षांत आखूड झालेत हे घरोघर लक्षात आलं. लगेच राज्याच्या कोविड टास्क फोर्सने हरकत घेतली आणि दोन दिवसांत निर्णय थांबला. एका खात्याने दुसऱ्याला विचारलं नव्हतं. 15 ऑगस्टपासून दुकानं मात्र रात्री दहापर्यंत उघडी झाली, बारही.

शेवटी शहरांत आठवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाले. पहिली ते चौथी डिसेंबरात. पुण्यात तारीख होती 16. आमच्या तळमजल्यावरची मुलगी जून 2020 मध्ये पहिलीत गेली होती. तिने वर्गातला बाक पाहिला तेव्हा ती दुसरीत होती. बाईंना तिने ओळखलं, पण बाई तिच्या अंदाजापेक्षा फार उंच निघाल्या. मोबाइलवर त्या चार बोटांच्या होत्या. जानेवारी उजाडताच ओमिक्रॉन आला आणि पुण्यात त्या वर्गांना पुन्हा कुलूप लागलं, ते 1 फेब्रुवारीला निघालं. त्या महिन्यात रेस्टॉरंट निम्म्या खुर्च्यांवर चालू होती.

एवढं उशिरा कोणाकोणाला सुचलं की बार चालू, मग शाळा का बंद? काही शिक्षक, काही पालक, काही डॉक्टर हे म्हणायला लागले होते. पण तोवर ते वाक्य इतकं वापरून गुळगुळीत झालं होतं, की ऐकणाऱ्याला वाटायचं, यांचंही सलून असेल.

बंद ठेवलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. पहिल्या महिन्यांत कोणालाच काही माहीत नव्हतं, आणि एकाच खोलीत आजी-आजोबांसह राहणाऱ्या घरात मुलाच्या शाळेची भीती वाटणं अगदी साहजिक होतं. चुकला तो क्रम. ज्यांना ओरडता येत होतं त्यांचं आधी उघडलं, ज्यांच्याकडून पैसे येत होते त्यांचं त्याच्याही आधी, आणि ज्यांना यातलं काहीच येत नव्हतं ती मुलं अठरा-वीस महिने घरात बसून फळ्याऐवजी बाबांचा जुना फोन बघत राहिली. हा माझा निकाल आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तो मान्य नाही, पण हल्ली ते भांडी घासत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मताला पूर्वीचं वजन राहिलेलं नाही.

पुढची साथ कधीतरी येईलच. त्या वेळी जो कोणी मंत्रालयात बसला असेल त्याला एक विनंती आहे: आमच्या वेळची यादी काढा, आणि ती खालून वाचायला सुरुवात करा. पहिलीचा वर्ग सगळ्यांत आधी. वाइन शॉपवाल्यांची हरकत नसावी, त्यांना घरपोच सेवेचा अनुभव आहे.